आपद्ग्रस्त शेतकऱ्याचे अनुदान : मेहेरबानी की हक्क?

(पक्षाच्या जिल्हा कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शेतीच्या अर्थकारणावर मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. हमीभाव, कर्ज, पाणी यांवरची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून संयोजकांच्या संमतीने मी आज एका लहानशा वाटणाऱ्या प्रश्नापुरतेच बोलणार आहे. पूर, अतिवृष्टी किंवा गारपीट यांनी पीक गेल्यावर शासन जे अनुदान जाहीर करते, ते ज्याच्या नावाने जाहीर होते त्याच्या हाती का पडत नाही, आणि पडलेच तर इतक्या उशिरा का पडते, हा तो प्रश्न. वरवर पाहता तो कारकुनी स्वरूपाचा वाटेल. वस्तुतः तो तसा नाही, आणि तो तसा समजण्यात आपलीही चूक झालेली आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आणि सोलापूर जिल्ह्यावर जो पाऊस कोसळला तो आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. सीना नदीने काठची गावे वेढली, उभे सोयाबीन कुजले, कित्येक ठिकाणी पिकाखालची मातीच वाहून गेली. शासनानेच सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे त्या वर्षीच्या खरिपातील सुमारे १ कोटी ४३ लाख हेक्टरांपैकी जवळजवळ ६८ लाख हेक्टरांवरील पिकांचे नुकसान झाले. ऑक्टोबरात शासनाने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. आकडा मोठा आहे. तो पुरेसा आहे की नाही यावर विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. आपल्या पक्षानेही मोर्चे काढले.

पुढे काही आठवड्यांनी मी सीनेच्या काठच्या एका गावी गेलो होतो. तेथील सेवा केंद्रासमोर रांग होती. रांगेत एक वृद्ध बाई होत्या. त्यांच्या हातात विशिष्ट क्रमांकाची चिठ्ठी होती, म्हणजे यादीत त्यांच्या शेताची नोंद झालेली होती, रक्कम मंजूर झालेली होती. परंतु नाव होते त्यांच्या यजमानांचे, आणि यजमान सहा वर्षांपूर्वी वारलेले. यंत्र ज्याचे नाव त्याचाच अंगठा मागत होते. बाई मला एवढेच म्हणाल्या, "त्यांचा अंगठा आता मी कुठनं आणू, मास्तर?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ते नाही. मात्र ते राज्यकर्त्यांजवळ असावयास पाहिजे, आणि आपल्याजवळही.

अनुदान कशासाठी?

प्रथम या अनुदानाचे स्वरूप समजून घेऊ. आपण बोलताना त्याला 'नुकसानभरपाई' म्हणतो. शासनाच्या कागदपत्रांतील शब्द वेगळा आहे. तेथे त्याला 'निविष्ठा अनुदान' म्हणतात. गेलेल्या पिकाची किंमत भरून देणे हा त्याचा हेतूच नाही. पुढच्या हंगामाचे बी, खत, मशागत यांना हातभार लावणे एवढाच त्याचा हेतू आहे. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी जिरायत पिकांना हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकांना १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये असा दर ठरला. निकषांतील मर्यादा २ हेक्टरांची. राज्याने २०२५ साली ती ३ हेक्टरांपर्यंत वाढविली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर केले. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असले तरच हे अनुदान मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती.

हेक्टरी ८,५०० म्हणजे गुंठ्याला साधारण ८५ रुपये. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एक हेक्टर पीक पूर्णतः गेले तर त्याच्या मोबदल्यात दीड क्विंटलाहून किंचित अधिक सोयाबीनची किंमत मिळणार. २०१५ साली हाच दर ६,८०० रुपये होता. सात वर्षांनी त्यात १,७०० रुपयांची भर पडली. दर अपुरा आहे यात शंका नाही, आणि तो वाढावा ही आपली मागणी योग्यच आहे.

परंतु हे अनुदान पुढच्या पेरणीसाठी आहे, हे शासनाचेच म्हणणे एकदा मान्य केले की त्यातून एक निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतो. ते पेरणीपूर्वी मिळावयास पाहिजे. ज्वारी-हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकते. पैसे फेब्रुवारीत मिळाले तर त्यांनी बी विकत घेता येत नाही. बियाणांच्या दुकानदाराची किंवा सावकाराची उधारी तेवढी फेडता येते. समजा, शेतकऱ्याने १८,५०० रुपये दरमहा शेकडा ३ रुपयांनी चार महिन्यांकरिता उचलले, तर व्याज होते २,२२० रुपये. शासनाने दिरंगाई केली आणि तिची किंमत शेतकऱ्याने भरली. उशिरा दिलेले अनुदान हे कमी दिलेले अनुदान असते.

पीकविम्याचा आधार या बाबतीत पूर्वीपेक्षा क्षीण झालेला आहे. २०२३ साली राज्याने एक रुपयात विमा आणला, तो २०२५ च्या खरिपापासून बंद केला. त्याचबरोबर शेतात पाणी साचून झालेल्या वैयक्तिक नुकसानीची सूचना ७२ तासांत देऊन भरपाई मागण्याची सोयही त्या वर्षी गेली. भरपाई पीककापणी प्रयोगांतून दिसणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर अवलंबून राहिली. क्षेत्राच्या सरासरीवर आधारलेल्या विम्याची कल्पना प्रा. वि. म. दांडेकरांनी १९७६ साली मांडली, ती शास्त्रशुद्ध होती. मात्र सरासरीचा हिशेब हंगाम संपल्यावर होतो. पुराच्या दुसऱ्या दिवशी उघड्यावर पडलेल्या माणसाला तत्काळ आधार उरतो तो या अनुदानाचाच. म्हणूनच ते पोहोचणे अधिक महत्त्वाचे झाले आहे.

वाटेतील टप्पे

पाऊस पडल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंतची वाट आता पाहू.

पहिला टप्पा पर्जन्यमापकाचा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. एका मंडळात पंधरा-वीस गावे असतात. ढग मंडळाच्या सीमा पाळत नाही. पर्जन्यमापक ज्या गावी आहे तेथे पाऊस कमी झाला आणि चार कोसांवर ढगफुटी झाली, तर त्या गावाला आपली आपत्ती सिद्ध करीत बसावे लागते. रोज थोडा थोडा पाऊस पडून पीक कुजते त्याला तर या व्याख्येत जागाच नव्हती. २०२३ साली राज्याने सततच्या पावसालाही नैसर्गिक आपत्ती मानले, ते योग्य झाले.

दुसरा टप्पा पंचनाम्याचा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी शेतावर जाऊन तो करावयाचा असतो. अलीकडे या तिघांचीही पदनामे बदलून त्यांना 'अधिकारी' केले आहे. त्यांच्याकडील गावे मात्र त्यामुळे कमी झाली नाहीत. एका तलाठ्याकडे अनेक गावे, रस्ते वाहून गेलेले, आणि आठ-दहा दिवसांत शेकडो पंचनामे. मग काही पंचनामे चावडीत बसून होतात. यात त्या कर्मचाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. तोही याच व्यवस्थेत भरडला जातो.

तिसरा टप्पा यादीचा. यादी संगणकावर चढते, प्रत्येकास विशिष्ट क्रमांक मिळतो. चौथा टप्पा ई-केवायसीचा. सेवा केंद्रात जाऊन अंगठा लावावयाचा. आयुष्यभर खुरपे आणि कुदळ धरलेल्या हातांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्राला त्या ओळखता येत नाहीत. पाचवा टप्पा बँकेचा. खाते आधारशी जोडलेले नसेल तर रक्कम परत जाते. ज्या खात्याशी आधार जोडले आहे त्याची शेतकऱ्याला आठवणही नसते. आणि रक्कम जमा झालीच तर बँकेने ती जुन्या कर्जात वळती करू नये, असे शासननिर्णयात स्पष्ट लिहिलेले असूनही ती अडकल्याच्या तक्रारी दरवर्षी ऐकू येतात.

२०२५ साली शासनाने ज्यांच्याजवळ शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना ई-केवायसीतून सूट दिली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ओळख क्रमांक ज्यांना मिळालेला नाही तेच बहुधा सर्वांत दुर्बल असतात. सूट मिळाली ती पुढच्या रांगेतील माणसाला. मागच्याची रांग तशीच राहिली.

या सर्व टप्प्यांचा एक हिशेब अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मांडावासा वाटतो. तालुक्याच्या गावी एक खेप म्हणजे बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च धरून सुमारे ४०० रुपये. अशा तीन खेपा धरा, म्हणजे १,२०० रुपये. २०२५ च्या दराने ३ हेक्टरांच्या जिरायत शेतकऱ्याला दोन्ही रकमा मिळून ५५,५०० रुपये मिळावयाचे. त्याच्या दृष्टीने हा खर्च दोन टक्क्यांच्या आसपास. वीस गुंठेवाल्याला मिळावयाचे ३,७०० रुपये. त्याचा एक-तृतीयांश खेपांतच गेला. जमीन लहान म्हणून खेप लहान होत नाही. तेव्हा सर्वांना सारखाच लागू असलेला हा नियम प्रत्यक्षात गरिबावर बसविलेला कर ठरतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते, आणि सरासरीच्या खाली असणारे खातेदारच अधिक. असा छोटा शेतकरी दुसऱ्या खेपेनंतर 'जाऊ दे' म्हणतो. त्याचे हे 'जाऊ दे' कोणत्याही सरकारी तक्त्यात नोंदले जात नाही.

यादीबाहेरची माणसे

हे झाले यादीत असलेल्यांविषयी. जे यादीतच येत नाहीत त्यांचे काय?

अनुदान सातबाऱ्यावरील नावाला मिळते, नांगर धरणाऱ्या हाताला नाही. बटाईने, खंडाने किंवा मराठवाड्यात म्हणतात तसे ठोक्याने जमीन करणारा मनुष्य बी-खताचा खर्च स्वतः करतो, पीक गेल्याचा तोटा त्याचा, आणि अनुदान जाते शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. कूळकायद्याने जमीन जाईल या भीतीने मालक लेखी करार करीत नाही. करार नाही म्हणून बटाईदार कागदावर अस्तित्वातच नाही. आपण समाजवाद्यांनी १९४८ च्या कूळकायद्याचा योग्य अभिमान बाळगला. पण त्याच्या सावलीत जी तोंडी बटाई वाढली तिच्याकडे आपले दुर्लक्ष झाले, हे मान्य केले पाहिजे.

तीच गोष्ट स्त्रियांची. शेतातील बहुतेक कामे करणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर अपवादानेच असते. सामाईक खात्यात एका भावाच्या नावे पैसे जमा होतात आणि बाकीच्यांचे संमतिपत्र मिळता मिळत नाही. वनहक्काचा पट्टा मिळालेला आदिवासी आणि गायरान कसणारा दलित भूमिहीन यांच्या नोंदी तर निरनिराळ्या वहीत, आणि कित्येकदा कोणत्याच वहीत नाहीत. शेतमजुराचा प्रश्न आणखी वेगळा. पीक गेले म्हणजे सोयाबीनची काढणी गेली, कापसाची वेचणी गेली, त्याचे दोन महिन्यांचे काम गेले. उपजीविका गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबांसाठी निर्वाहसाहाय्याची तरतूद निकषांत आहे. ती मागण्यासाठी निघालेला मोर्चा निदान माझ्या पाहण्यात नाही.

गैरप्रकाराचा युक्तिवाद

या सर्वांवर शासनाचे उत्तर ठरलेले असते. अटी सैल केल्या तर बोगस लाभार्थी घुसतील. जनतेच्या पैशाचे रक्षण करावयाचे तर कडक छाननी हवी. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. गैरप्रकार होतात.

पण ते कोठे होतात? जालना जिल्ह्यात अतिवृष्टीच्या अनुदानात झालेला अपहार २०२५ साली गाजला. चौकशी झाली, अनेक कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे नोंदले गेले. तो अपहार रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याने केलेला नव्हता. यादी तयार करणाऱ्या यंत्रणेच्या आतून, अधिकाऱ्यांच्याच संगणकीय प्रवेशखुणांचा उपयोग करून, बनावट नावे घातली गेल्याचा आरोप होता. पाच ठिकाणी अंगठा मागणारी व्यवस्था त्याला रोखू शकली नाही. ती रोखली असती ती एका साध्या गोष्टीने: गावाची यादी चावडीवर लावून ग्रामसभेत मोठ्याने वाचली असती तर. ज्याला शेत नाही त्याच्या नावावर दोन हेक्टर दिसले की गाव बोलल्याशिवाय राहत नाही.

अशा योजनांत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्र मनुष्य आत येणे ही एक, आणि पात्र मनुष्य बाहेर राहणे ही दुसरी. पहिली चूक लेखापरीक्षणात सापडते, तिच्यावरून अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. दुसरीसाठी कोणालाही जाब विचारला जात नाही. म्हणून प्रत्येक अधिकारी स्वाभाविकपणेच दुसरी चूक पत्करतो. त्याचा स्वभाव बदलण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. दुसऱ्या चुकीचीही किंमत त्याला मोजावी लागेल अशी व्यवस्था केली पाहिजे.

कागदाच्या सत्तेचा हा अनुभव महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांच्या घरांतून मुख्यतः कर्जरोखे काढून जाळले. आपल्याला लुबाडणारे हत्यार कोणते, हे त्यांना नेमके कळले होते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये निरक्षर कुणब्याला लेखणीच्या बळावर नाडणाऱ्या कामगारवर्गाचे जे चित्र रंगविले, त्यातील लेखणीच्या जागी आज पडदा आणि कळफलक आला आहे. कागद सावकाराचा असो वा सरकारचा, तो वाचण्याची आणि दुरुस्त करण्याची सत्ता ज्याच्या हाती नाही, तो नाडलाच जातो.

हक्काची परंपरा

प्रश्नाच्या मुळाशी मी आता येतो. आज अनुदान म्हणजे शासनाने प्रसन्न होऊन दिलेली देणगी आहे. मंत्री 'पॅकेज' जाहीर करतात, दर कधी वाढतो, कधी कमी होतो. २०२२ नंतर काही काळ राज्याने जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये दिले, तेही ३ हेक्टरांपर्यंत; २०२५ साली पुन्हा ८,५०० आणि २ हेक्टरांवर आणले; मग पूर आणि असंतोष पाहून पुन्हा मर्यादा वाढविली. ज्याचा दर आणि ज्याची तारीख देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याला हक्क म्हणत नाहीत.

दुसरी परंपरा याच महाराष्ट्राने निर्माण केली आहे. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. खडी फोडणारी माणसे आणि सुकडीसाठी बसलेल्या मुलांच्या पंगती मी पाहिल्या आहेत. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कायद्याचे मर्म काय होते? मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. अंमलबजावणीत दोष होते, हे आपण सर्व जाणतो. पण विलंबाचा भुर्दंड मागणाऱ्याने नव्हे, देणाऱ्याने सोसावा, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांचा अभ्यास मांडताना, माणसे उपाशी मरतात ती केवळ धान्याच्या अभावी नव्हे, तर धान्यावरचा त्यांचा अधिकार कोसळतो म्हणून, असे दाखविले. महाराष्ट्रातील खेडुतांनी तेच तत्त्व खडी फोडता फोडता कायद्यात उतरविले होते.

आज वारे उलट दिशेने वाहत आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम १३ होते. मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांना कर्जफेडीत सवलत देण्याची शिफारस त्या कलमाखाली राष्ट्रीय प्राधिकरणास करता येत असे. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने ते कलमच वगळण्यात आले. आपत्ती वाढत आहेत आणि कायद्यातील आधार कमी होत आहेत. तेव्हा अनुदान वाढवा एवढीच मागणी पुरेशी नाही. ते हक्क म्हणून मागितले पाहिजे.

मागण्या आणि कामे

त्या दृष्टीने पाच मागण्या मला सुचतात.

पहिली, २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली या अनुदानाच्या प्रत्येक टप्प्याला मुदत घालावी: पंचनामा इतक्या दिवसांत, यादी इतक्या दिवसांत, रक्कम इतक्या दिवसांत. त्या कायद्यात अपिलाची सोय आहे, कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. विलंब झाल्यास शेतकऱ्याला व्याज मिळावे, ही भर त्यात घालावी.

दुसरी, अनुदानाचा एक हप्ता वैयक्तिक पंचनाम्याची वाट न पाहता द्यावा. पावसाची नोंद शासनाजवळ आहे, उपग्रहाची छायाचित्रे आहेत, ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर चालू आहे. जेथे संपूर्ण मंडळच पाण्याखाली गेले तेथे प्रत्येकाने आपण बुडालो हे वेगळे सिद्ध करण्याचे प्रयोजन काय? पुराव्याचा भार शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरवून शासनाने उचलावा.

तिसरी, गावाची यादी, वगळलेल्यांची नावे आणि वगळण्याचे कारण, हे तिन्ही ग्रामसभेत वाचले जावे.

चौथी, कसणाऱ्याला ग्रामसभेच्या दाखल्यावर अनुदान मिळावे. आंध्र प्रदेशाने २०१९ साली पीक कसणाऱ्यांच्या हक्काचा कायदा करून अकरा महिन्यांच्या ओळखपत्राची व्यवस्था केली. परंतु त्यात मालकाची संमती लागते आणि ती संमती हीच अडचण ठरते. वनहक्क कायद्याखाली गावातील वडीलधाऱ्यांचे निवेदन पुरावा म्हणून चालते. तोच मार्ग येथे स्वीकारावा, आणि या दाखल्याने जमिनीच्या मालकीवर कोणताही दावा निर्माण होणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहावे, म्हणजे मालकाचे भयही जाईल.

पाचवी, दर महागाई निर्देशांकाशी जोडावा. २०२६-२७ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ सुरू होत असल्याने या मागणीला आताच जोर लावला पाहिजे.

आता थोडे आपल्याविषयी. आपण मोर्चे काढले ते आकड्यासाठी. हेक्टरी अमुक हजार मिळालेच पाहिजेत, अशा घोषणा दिल्या, आकडा थोडा वाढला, आपण विजयाचे पत्रक काढले आणि घरी परतलो. त्यानंतर जी लढाई सुरू झाली, म्हणजे यादीची, अंगठ्याची, बँकेची, तिच्यात शेतकरी एकटा होता. त्या वेळी त्याला भेटला तो शंभर-दोनशे रुपये घेऊन काम करून देणारा दलाल. आपण जागा मोकळी ठेवली आणि ती दलालाने भरली. हे मी टीकेसाठी म्हणत नाही. मीही त्याच मोर्चांत होतो.

म्हणून माझी विनंती अशी की, पुढचा पावसाळा येण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने एक गाव घ्यावे. त्या गावातील मृत खातेदारांची यादी करावी आणि वारसनोंदी करवून घ्याव्यात. शासनाची 'जिवंत सातबारा' मोहीम २०२५ साली याच कामासाठी निघाली. ती आपल्या गावी कोठवर पोहोचली हे तपासावे. नोटिशीची मुदत धरता फेरफाराला वेळ लागतो. पूर आल्यावर ते काम होत नाही. कोणाचे खाते आधारशी जोडलेले नाही, कोणाचा अंगठा उमटत नाही, कोणाजवळ ओळख क्रमांक नाही, कोण बटाईने करतो, याची एक वही करावी. आपत्तीनंतर पंचनाम्याच्या वेळी शेतावर हजर राहावे आणि त्याची प्रत मागून घ्यावी. यादी लागली की वगळलेल्यांचे अर्ज एकत्र करून एकाच दिवशी तहसीलदारांपुढे ठेवावेत, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.

हे काम मोर्चाइतके आवेशाचे नाही. त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येत नाहीत. पण दहा गावांतील अशा दहा वह्या घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभे राहिलो, तर आपल्या मागणीमागे नावानिशी पुरावा असेल, आणि मग मोर्चालाही वेगळे वजन येईल.

त्या बाईंचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. वारसनोंदीचा अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहून दिला. मी पुन्हा गेलो तेव्हा सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागलेले होते; पैसे मात्र आलेले नव्हते, आणि हरभऱ्याची पेरणी त्यांनी उधारीवर केलेली होती. त्या अर्जासाठी पुरापूर्वी एखादा कार्यकर्ता त्यांच्या दारी गेला असता तर ती उधारी करावी लागली नसती. तो कार्यकर्ता आपला असावयास हवा होता.